घर मुलाला, गुग्गुळ बळवंतरावांना

मी, रत्नप्रभा सदाशिव दाबके, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पूर्वी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापकी व हल्ली काही नाही, राहणार जवाहर नगर, जयपूर, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला शेजारच्या डॉ. चित्रा बेडेकर यांनी दिला आहे. त्या हाडांच्या डॉक्टर आहेत हे खरे, पण कुंपणावरून माझ्याशी वाद घालून घालून माझ्या डोक्याचीही त्यांना पुरेशी माहिती झालेली आहे. हे लिहिताना कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. तसा प्रयत्न करणारे एकटे माझे यजमान होते आणि त्यांनाही ते जन्मात जमले नाही.

वकील राजन माथुर हिंदीत मसुदा करून देणार होते. मी नको म्हटले. सारी नोकरी हिंदीत शिकवण्यात गेली, तरी भांडणे आणि वाटण्या मला मराठीतच नीट येतात. राजनजींनी चार पाने चाळली आणि म्हणाले, "मैडम, विल में कहानी नहीं लिखते." मी म्हटले, "मग अंगणातल्या काटक्या कुणाच्या आणि का, हे कोर्टाला कळणार कसं?" त्यावर त्यांनी पाने परत माझ्या हातात दिली. सबब, पुढील मजकूर लांबला आहे तो कायद्याच्या सोयीसाठीच, असे समजावे.

कलम १. घर. जवाहर नगरातील हे घर सदाशिव आणि मी दोघांच्या पगारातून बांधले. त्यांच्या पश्चात ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. चतुःसीमा : पूर्वेस डॉ. चित्रा यांचे घर व त्यांची सतत भुंकणारी कुत्री, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस कोचिंग क्लासवाल्यांचे वसतिगृह, दक्षिणेस सार्वजनिक बाग, जिच्यात एकाच जातीचे गवत आणि एकाच जातीचे शोभेचे झाड रांगेत लावून त्याला हरित विकास असे नाव दिलेले आहे.

हे घर माझ्या पश्चात माझा एकुलता एक मुलगा अनिमेष यास मिळावे. तो गुरुग्रामला असतो. घर पाडून तिथे फ्लॅट बांधायचे त्याच्या मनात आहे आणि ते माझ्यापासून लपवण्याची तो फार मेहनत घेतो. ती त्याने आता थांबवावी. माझी हरकत नाही. अट एवढीच की, मागच्या अंगणातील गुग्गुळाची सर्व झाडे कलम ५ प्रमाणे हलवल्याशिवाय घराच्या एका विटेलाही हात लावू नये. अनिमेषवर माझा विश्वास नाही असे नाही. मला त्याचा अनुभव आहे.

कलम २. सदर गुग्गुळ कोठून आला. ज्यांनी गुग्गुळ फक्त धुपाटण्यात किंवा औषधाच्या बाटलीवर पाहिला आहे त्यांच्यासाठी लिहिते. हे एक वाकडे, काटेरी, कमरेएवढे झुडूप असते. वर्षातले बरेच महिने त्याला पान नसते आणि ते मेले आहे असे वाटते. त्याच्या सालीला चीर दिली की डिंक येतो, आणि त्या डिंकाला हजारो वर्षे मागणी आहे. चीर उथळ दिली तर झुडूप जगते. जास्त डिंक हवा म्हणून खोल दिली तर डिंक भरपूर येतो आणि झुडूप मरते. राजस्थानातल्या किती टेकड्यांवरून ते असे नाहीसे झाले, हे मी वर्गात शिकवत असे आणि दर वर्षी उदाहरणातली एखादी टेकडी मला खोडावी लागे.

चाकसूच्या पुढे अशीच एक टेकडी होती. मी लग्न होऊन वाईहून जयपूरला आले, सदाशिव विमा कंपनीत होते, आणि आमच्याकडे स्कूटर होती. रविवारी आम्ही त्या टेकडीवर जात असू. मी झुडपे बघे आणि ते सावली शोधत. तिला सावली नव्हती. पुढे ती टेकडी खाणीत गेली. सुरुंग लागणार असे कळले त्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळतील तितक्या झुडपांच्या फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या आणि मागच्या अंगणात लावल्या. आज त्या जागी टेकडी नाही, खड्डा आहे. तिचे जे काही उरले आहे ते माझ्या धुण्याच्या दोरीखाली उभे आहे.

त्या साऱ्या माद्या निघाल्या. गुग्गुळात नर वेगळा, मादी वेगळी, आणि नर फारच विरळा. मादी त्याच्यावाचूनही बी धरते, पण ते रोप म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. नकलांचे रान दिसायला हिरवे असते, पण एका रोगाने किंवा एका वाईट वर्षाने सगळे एकदम जाते, कारण सगळ्यांचे दुखणे एकच. म्हणून मला नर हवा होता. मी आणि माझ्या विद्यार्थिनी कितीतरी टेकड्या फिरलो. सदाशिव म्हणत, "प्रभा, आपल्या पोरासाठी तू इतकी स्थळं पाहिली नाहीस."

कलम ३. वैद्य बळवंत नाफडे यांच्याविषयी. हे मूळचे अकोल्याचे, आयुर्वेद महाविद्यालयात औषधी वनस्पती शिकवत, आणि आजही चारदीवारीत, म्हणजे कोटाच्या आतल्या जुन्या शहरात, एका अरुंद गल्लीत, जवाहिऱ्यांच्या शेजारी राहतात. आमची ओळख इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात झाली. माझे भाषण ठेवले होते. बोलता बोलता मी म्हणाले की, हे वैद्य लोक म्हणजे गुग्गुळाचे दरोडेखोर आहेत. पहिल्या रांगेतून बळवंतराव उठले.

"बाई, तुमच्या घरी देवापुढं धूप कशाचा जळते जी?"

सगळा मंडप हसला. धूप गुग्गुळाचाच होता. तेव्हापासून आमच्या देवाला उदबत्तीवर भागवावे लागत आहे, आणि तेव्हापासूनच बळवंतराव आणि मी बोलत नव्हतो.

(राजनजींनी येथे बोट ठेवून विचारले, "मैडम, ये दरोडेखोर मतलब?" मी म्हटले, "डकैत." ते म्हणाले, "काट दीजिए." मी खोडलेले नाही.)

काही वर्षांनी सदाशिवांचा गुडघा दुखू लागला. माझ्या नकळत ते बळवंतरावांचे औषध घेऊ लागले, आणि एके दिवशी जेवताना बोलून गेले, "त्या वैद्यांच्या गच्चीवर पत्र्याच्या पिंपात तुझ्या अंगणातल्यासारख्याच मेलेल्या काटक्या आहेत." पुढच्या खेपेस मी त्यांच्या गुडघ्याची काळजी वाटून बरोबर गेले. पिंपातले झुडूप फुलले होते. मी पिशवीतून भिंग काढले.

"हा नर आहे," मी म्हणाले.

"मले ठाऊक आहे," बळवंतराव म्हणाले.

"मला एक फांदी हवी."

"दरोडेखोराजवळून? आधी तो शब्द मागं घ्या."

"शब्द खरा आहे. घेणार नाही."

"मग फांदी बी माझी आहे. देणार नाही."

जिना उतरताना सदाशिव म्हणाले, "एक शब्द मागे घेतला असतास तर काय गेलं असतं?" मी म्हटले, "तत्त्व." ते म्हणाले, "बरं. मग तत्त्वालाच पाणी घालत बस."

त्या फाल्गुनापासून सदाशिवांचा गुडघा नेमका गुग्गुळाच्या बहरात दुखू लागला. सकाळी लवकर ते स्कूटरवरून चारदीवारीत जात आणि येताना माझ्या आईच्या चांदीच्या कुंकवाच्या करंड्यात तांबूस, तांदळाएवढी फुले घेऊन येत. "गच्चीवर पडली होती," असे सांगत. "पडलेल्या वस्तूवर कुणाचा दावा नसतो. विम्यातला माणूस आहे, मला विचार." फुलांचे देठ ताजे खुडलेले होते. मी विचारले नाही. मी चित्रकलेचा कुंचला घेऊन ते पराग माद्यांना लावत असे आणि सदाशिव शेजारी छत्री धरून उभे राहत. त्यांना तुळस आणि सब्जा यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही, पण वारा कोणत्या बाजूचा आहे हे ते बरोबर सांगत.

फळे धरली. बिया रुजल्या, बऱ्याच गेल्या, थोडी रोपे पाण्याच्या टाकीमागे वाढू लागली. ती खरी मुले की नुसत्या नकला, हे फूल आल्याशिवाय कळणार नव्हते. त्यांत एक जरी नर निघाला तर बाप लागला असे सिद्ध होणार होते, कारण मादीची नक्कल मादीच असते. गुग्गुळ फुलायला घाई करत नाही. सदाशिवांना तेवढी सवड मिळाली नाही. एका दुपारी पेपर वाचता वाचता ते गेले.

बळवंतराव समाचाराला आले आणि पायरीवर बसले. मग म्हणाले, "सदाशिवरावांचा गुडघा फार चांगला होता बाई. त्याले काहीच झालं नव्हतं."

"मग तुम्ही औषध कशाचं देत होतात?"

"सुंठ-गुळाच्या गोळ्या. आवडायच्या त्यायले."

"आणि फुलं?"

"मी खुडून ठेवत होतो. त्यायले पिंपावर चढता येत नव्हतं."

म्हणून समेट झाला असे कोणी समजू नये. मी चहा दिला आणि ते गेले. पण त्या दिवशी प्रथमच मला रडू आले, हे येथे नमूद करते.

कलम ४. अनिमेषचा पराक्रम. माझे खुब्याचे ऑपरेशन झाले तेव्हा अनिमेष, त्याची मुलगी मैत्रेयी हिला घेऊन, माझी देखभाल करायला आला. मी इस्पितळातून घरी आले. तो मला धरून मागच्या दाराशी घेऊन गेला. "आई, बघ, जागा केली." धुण्याच्या दोरीखाली त्याची गाडी उभी होती.

"तिथली झाडं कुठे आहेत?"

"झाडं? आई, सगळं मेलेलं होतं. मतलब, एक पान नव्हतं कशाला."

"अरे, पान नव्हतं म्हणजे मेलं? तुझ्या डोक्यावर तरी काय उगवलंय?"

त्याला वाटले मी चेष्टा करते आहे. मग त्याने माझे तोंड पाहिले. मी खाली बसले, आणि नव्या खुब्याने बसणे डॉ. चित्रांनी सक्त मना केले होते. मैत्रेयीने एकच विचारले, "आजी, कचरेवाली गाडी किधर जाती है?" आणि ती चप्पल न घालता ई-रिक्षात बसून निघून गेली. परत आली तेव्हा मांडीवर काटेरी फांद्यांचा भारा होता, हातांवर ओरखडे होते, आणि रिक्षावाल्याने तिच्याकडून भाडे घेतले नव्हते, कारण तिला पाहून त्याला वाटले घरात कोणी गेले आहे.

अनिमेषने गाडी बाहेर काढली आणि तो खड्डे खणू लागला. मी खुर्चीतून सांगत होते, "तिरकी लाव. अंगठ्याएवढी जाड असेल तीच घे. शेंडा खाली नको, शेंडा खाली नको!" त्याने ऑफिसला दोन दिवसांची रजा टाकली. कारण विचारले तेव्हा फोनवर म्हणाला, "फॅमिली इमर्जन्सी." बऱ्याच फांद्यांनी जीव धरला, काही गेल्या. टेकडी दुसऱ्यांदा वाचली, आणि या खेपेस ती वाचवणाऱ्यात तिला तोडणाराही होता. त्यानंतर अनिमेष फोन करतो तेव्हा आधी झाडांची चौकशी करतो, मग माझी. मला त्याचा राग नाही. टाकीमागची रोपे त्याच्या नजरेतून सुटली, ही मात्र देवाची कृपा, त्याची नव्हे.

कलम ५. गुग्गुळाची वाटणी. मागच्या वर्षी होळीच्या सुमारास टाकीमागच्या एका रोपाला प्रथमच फुले आली. मी भिंगातून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले, आणि घरात येऊन बळवंतरावांना फोन लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना केलेला तो पहिला फोन.

"बळवंतराव, मुलगा झाला."

"कोणाले?"

"आपल्याला."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. तासाभरात ते ऑटोने आले. वय पंच्याऐंशी, हातात काठी आणि स्वतःचे भिंग. मी दिलेल्या स्टुलावर बसून त्यांनी खूप वेळ ते फूल पाहिले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "सदाशिवरावावर गेला आहे." आम्ही दोघे हसलो आणि मग बराच वेळ हसलो नाही.

तिथल्या तिथे पुन्हा भांडण झाले. मी म्हटले, ही सगळी झाडे एखाद्या गावच्या ओरणीत लावायची. ओरण म्हणजे आपली देवराई. देवीच्या नावाने राखलेल्या त्या रानातून कोणी काडी मोडत नाही. बळवंतराव म्हणाले, "ज्याचा कोणाले उपयोग नाही ते कोण राखीन? देवी? त्यापरिस गावच्या बायकायले उथळ चीर द्यायले शिकवा, डिंक त्यायचा, झाड बी त्यायचं. मग पाहा कोण हात लावते." मी म्हटले, "आज उथळ, उद्या भाव वाढला की खोल." ते म्हणाले, "म्हणून शिकवायचं ना बाई. तुम्ही मास्तरीण आहा की पोलीस?"

तडजोड अशी ठरली, आणि तीच माझी अंतिम इच्छा आहे. प्रत्येक झाडाच्या फांदीपासून दुसरे झाड करून सगळ्यांच्या दोन वाटण्या कराव्यात. एक चाकसूच्या वाटेवर ज्या गावाने होकार दिला आहे त्याच्या ओरणीत, माझ्या नियमाने, म्हणजे चाकू नाही. दुसरी त्याच गावच्या शेतांच्या बांधांवर, बळवंतरावांच्या नियमाने, म्हणजे उथळ चीर आणि मग विसावा, आणि डिंक गावच्या बायकांचा. दोन्हीकडे टेकडीच्या माद्या, गच्चीवरचा नर आणि त्यांची मुले मिसळून लावावीत, सारखी सारखी शेजारी लावू नयेत. कोणाचा नियम बरोबर होता हे पन्नास वर्षांनी समजेल. तेव्हा वाद घालायला आम्ही नसू, ही गावाची सोय आहे.

हे काम पुरे होईपर्यंत सर्व गुग्गुळाची मालकी वैद्य बळवंत नाफडे यांची राहील. गणेशोत्सवातला शब्द मी मागे घेत नाही. त्याऐवजी झाडे देते.

कलम ६. इतर चीजवस्तू. चांदीचा करंडा मैत्रेयीला. त्यात कुंकू ठेवायचे की पराग, हे तिने ठरवावे. बँकेतील ठेवीतून ओरणीचे कुंपण व्हावे आणि उरेल ते तिच्या शिक्षणाला. वाळवलेल्या नमुन्यांची कपाटे माझ्या महाविद्यालयाला, या अटीवर की त्यांवर चहाचे कप ठेवू नयेत. दारातला कढीपत्ता डॉ. चित्रा यांना. त्या तो न विचारताच तोडतात, यापुढे त्यांना संकोच करण्याचे कारण नाही. (तसा संकोच त्या करत नाहीतच.) त्याच्या मुळापासून फुटलेली पोरे मात्र त्यांनी मागेल त्याला द्यावीत. स्वयंपाकघरातली काचऱ्या, सांगरी आणि कैर या वाळवलेल्या मारवाडी भाज्यांची बरणी अनिमेषच्या बायकोला. गोडा मसाला घालून कैराची भाजी चांगली होते, हे तिने एकदा करून पाहावे. जयपूरच्या लोकांना सांगू नये.

कलम ७. अंत्यविधी. मला लाकडावर जाळू नये, विजेवर जाळावे. माझ्यासाठी एकही झाड तोडलेले मला चालणार नाही आणि पुन्हा उठून तसे सांगणेही जमणार नाही. तेराव्याला बाजारचा धूप जाळू नये. तो कोणत्या टेकडीला किती खोल कापून आला, हे कोणालाच ठाऊक नसते.

कलम ८. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी बळवंत नाफडे यांची नेमणूक करते. राजनजी म्हणाले, "मैडम, एक्ज़ीक्यूटर तो उम्र में छोटा होना चाहिए. ये तो आपसे भी बड़े हैं." मी म्हटले, "मला ठाऊक आहे. पण ज्याला तांदळाएवढं फूल खुडून दुसऱ्याच्या नवऱ्याच्या हातात ठेवता येतं आणि त्याविषयी गप्प बसता येतं, असा तरुण माणूस मला माहीत नाही." ते नसतील तर मैत्रेयी दाबके हिने हे काम करावे. तिला मराठी वाचताना अडते. अडेल तिथे तिने मोठ्याने वाचावे, म्हणजे समजते.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून, विचारून, आणि एक शब्द सोडून सर्वांचा सल्ला ऐकून, मी खाली सही करते.

स्थळ : जवाहर नगर, जयपूर
दिनांक : ९ मार्च २०२५

(सही) रत्नप्रभा सदाशिव दाबके

आमच्यासमक्ष सही केली. त्या वेळी बाई पूर्ण शुद्धीवर होत्या आणि आमच्या चुका काढत होत्या.

साक्षीदार :
१. (सही) डॉ. चित्रा बेडेकर, जवाहर नगर
२. (सही) राजन माथुर, वकील, जयपूर

व्यवस्थापकाची संमती : वरील सर्व काम मला मान्य आहे. बाई माझ्या आधी जातील हे जे यात धरून चालले आहे, ते मात्र मला मान्य नाही.

(सही) वैद्य बळवंत नाफडे